मागचे चार आधी

तुझ्या सिटीला प्लग चार नाहीत, आठ आहेत, हे आधी डोक्यात पक्कं बसव. 2003 साली आलेल्या होंडा सिटीच्या त्या आय-डीएसआय इंजिनात एकेका सिलिंडरला दोन-दोन प्लग दिलेत. चार पुढच्या अंगाला, बॉनेट उघडलं की समोरच. उरलेले चार मागे, फायरवॉलच्या बाजूला, वायपरखालच्या प्लॅस्टिकच्या काउलाआड. तिथे हात अवघडतो आणि नजर पोचतच नाही. म्हणून पुष्कळदा पुढचे चार बदलले जातात आणि बिलावर ‘प्लग बदलले’ असं येतं. माझ्या हाताखालून गेलेल्या कितीतरी सिटींमध्ये मागचे चार कधी कुणी हलवलेलेच नव्हते.

हे लक्षात का येत नाही, तर एक प्लग मेला तरी त्याच सिलिंडरातला दुसरा पेट्रोल पेटवत राहतो. चार प्लगांच्या गाडीत एक गेला की इंजिन थरथरतं, मिसिंग लगेच कळतं. इथे नुसता पिकअप मंदावतो आणि अ‍ॅव्हरेज उतरतं. मग बंगळुरातल्या सिल्क बोर्डच्या ट्रॅफिकला दोष देऊन माणूस तशीच गाडी चालवतो. पल्सरचंही तेच. डीटीएस-आयला दोन, 200 एनएसला तीन प्लग, आणि बदलला जातो तो हाताला लागणारा. तेव्हा सुरुवात मागच्या चारांपासून कर. पुढचे आधी काढलेस तर ते सोपे गेल्याच्या समाधानात मागचे ‘पुढच्या वेळी’वर जातात.

काम सकाळी कर, गाडी रात्रभर उभी असताना. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं. गरम इंजिनातून प्लग ओढून काढलास तर त्याच्याबरोबर हेडचे आटेही निघून येतील, आणि मग दुरुस्ती प्लगच्या किमतीच्या अनेक पटींत जाते. घाई असलेल्या दिवशी बॉनेटला हात लावू नकोस.

आधी वायपरचे हात आणि काउल काढून घे. त्याखाली बघशील तर गुलमोहराची आणि रेन ट्रीची बारीक पानं कुजून बसलेली असतील. बंगळुरात झाडाखाली उभ्या राहणाऱ्या प्रत्येक गाडीची ही कथा आहे. ती पानं पाणी जाण्याची भोकं बुजवतात आणि पावसाचं पाणी कॉइलच्या आसपास साचतं. तेवढं साफ केलंस तरी अर्धं पुण्य पदरात पडलं. मग कॉइलचा कनेक्टर लॉक दाबून सोडव, वायर धरून ओढू नकोस. कॉइल थोडी फिरवून मोकळी कर आणि सरळ वर काढ.

प्लग ढिला करण्याआधी तो बसतो त्या खड्ड्यात हवा मार. पंक्चरवाल्याची हवा मिळाली तर उत्तम, नाहीतर सायकलचा पंप चालेल. डोळ्यांवर चष्मा ठेव. मेट्रोच्या आणि इमारतींच्या कामांची जी धूळ शहरभर उडते ती तिथेच जाऊन बसते, आणि प्लग निघाला की तिला सिलिंडरात जायला वाट मोकळी. हे चुकवू नकोस.

आतून रबर लावलेला 16 चा प्लग सॉकेट, एक लांब आणि एक आखूड एक्स्टेन्शन, आणि मध्ये युनिव्हर्सल जॉइंट, एवढं हवंच. मारुती 800 साठीचा 21 चा सॉकेट इथे बसणार नाही. प्लग अडला तर पाव फेरा सोड, पाव फेरा परत घट्ट कर, आट्यांवर रस्ट सोडवायचं तेल सोड आणि चहा पिऊन ये. आटे करकरत असतील तर जोर वाढवू नकोस, थांब.

पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून ठेव. वर ‘पुढे’, खाली ‘मागे’, आणि आकडे 1 ते 4. निघालेला प्लग त्याच्याच भोकात खोचायचा. आठही प्लग एका डब्यात टाकलेस तर कुठल्या सिलिंडरात काय दुखतंय ते कायमचं हरवलं.

आता एकेक प्लग हातात घेऊन उजेडात बघ. टोकाची पोर्सिलीन फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर इंजिन ठीक आहे. कोरडी, मखमलीसारखी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय, एअर फिल्टर तुंबलाय किंवा ठिणगी कमजोर आहे. ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास रांगणाऱ्या गाडीतही ती साठते, कारण स्वतःची काजळी जाळायला प्लगचं टोक साधारण 450 ते 500 अंश तापावं लागतं आणि रांगेत ते तापत नाही. काळं पण ओलं आणि चिकट असेल तर ते तेल. पण थांब, तेल टोकाला आहे की बाहेरच्या आट्यांच्या वर, ते बघ. फक्त वर असेल तर रॉकर कव्हरच्या बाजूचं सील गेलंय, खर्च मामुली. टोकाला असेल तर व्हॉल्व्ह सील किंवा रिंगा. एवढ्या फरकावर इंजिन उघडायचं की नाही ते ठरतं. खडूसारखं पांढरं, फोड आलेलं टोक ही सगळ्यांत वाईट खूण: इंजिन जास्त तापतंय, मिश्रण पातळ आहे किंवा प्लगच चुकीच्या हीट रेंजचा आहे. पोर्सिलीनला तडा दिसला तर इंजिन ठोकतंय का ते ऐक, किंवा बसवताना तो कुणाच्या हातून पडला असेल. आणि पोर्सिलीनच्या बाहेरच्या अंगाला, धातूच्या कडेशी तपकिरी वलय दिसलं तर घाबरू नकोस. जास्त दाबाच्या विजेमुळे हवेतले कण तिथे चिकटतात. ते बघून ‘कॉम्प्रेशन लीक आहे’ म्हणणाऱ्याला काम देऊ नकोस.

रंग वाचताना गाव आणि पेट्रोल दोन्ही ध्यानात घे. बंगळूर समुद्रसपाटीपासून साधारण 920 मीटर उंच, हवा आठ-नऊ टक्के विरळ. मुंबईला ट्यून केलेली कार्ब्युरेटरची जुनी मारुती किंवा चेतक इथे आणली की प्लग काळे पडू लागतात. तुझ्या सिटीचा कॉम्प्युटर हवेचा दाब मोजून पेट्रोल कमी करतो, म्हणून तिच्या काजळीचा दोष उंचीवर ढकलू नकोस. उलट, इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण पातळ होतं. इथेनॉल मिसळलेल्या ई-20 पेट्रोलची सुरुवात 6 फेब्रुवारी 2023 ला याच शहरातून झाली. त्यावर जुन्या गाड्यांचे प्लग आमच्या वेळेपेक्षा फिकट दिसतात. 2000 साली शिशाचं पेट्रोल देशातून गेलं, त्याआधीच्या पुस्तकांतले प्लगांचे रंग आता प्रमाण मानू नकोस.

खरेदी जे. सी. रोडवर कर, पण बिल घेऊन. आमच्या वेळी प्लग म्हणजे मायको. आडुगोडीतल्या त्या कारखान्याचा प्लग पुण्या-मुंबईच्या स्कूटरवाल्यांच्या डिकीतही स्पेअर म्हणून असायचा. त्या कंपनीचं नाव 2008 पासून बॉश झालं, ‘मायको लेआउट’ ही वस्ती मात्र नावाने तशीच राहिली. आज बाजारात नकली माल खूप. आटे गुळगुळीत हवेत, मधला इलेक्ट्रोड बरोबर मध्यावर हवा आणि वॉशर हाताने सहज निघता कामा नये. नंबर मॅन्युअलमधलाच घे, ‘याच्यावर पळते’ म्हणून कुणी दिला तरी दुसरा नको.

गॅप फिलर गेजने तपास. इरिडियमच्या बारीक टोकाला तारेचा ब्रश लावू नकोस, मधल्या इलेक्ट्रोडवर रेटा देऊन गॅप करू नकोस. बसवताना प्लगच्या वरच्या टोकाला पेट्रोलच्या रबरी पाइपचा वीतभर तुकडा खोच आणि पाइप बोटांनी फिरवत प्लग आत ने. आटा वाकडा चढू लागला तर पाइप आपोआप घसरतो आणि हेड वाचतं. मागच्या प्लगांना याहून चांगली युक्ती मला माहीत नाही. हाताने पूर्ण बसला की नव्या वॉशरच्या प्लगला अर्धा फेरा, फार तर दोन तृतीयांश. जुनाच परत लावत असशील तर फक्त किंचित. आट्यांना ग्रीस लावू नकोस, त्याने नकळत जास्त घट्ट होतो.

स्वतः करणार नसशील तर गॅरेजात समोर उभा राहा आणि ‘अण्णा, हिंदिन नाल्कु प्लग मोदलु तेगीरि’ असं कन्नडात सांग, म्हणजे ‘मागचे चार प्लग आधी काढा’. आठही जुने प्लग परत माग, क्रमाने. दर वर्षी आयुधपूजेच्या आधीच्या रविवारी एकदा तरी ते मागचे चार उघडून बघत जा.