छत गळतंय? कंत्राटदार कसा निवडाल, पैसे किती मोजाल

छताला ओल धरली की बहुतेक घरांत आधी रंगारी येतो. पोपडे खरवडतो, पुट्टी भरतो, वरून ओलीला अटकाव करणारा म्हणून विकला जाणारा रंग मारतो आणि पैसे घेऊन जातो. पुढच्या पावसाळ्यात डाग त्याच जागी हजर. पाणी येतं कुठून, हे कुणी शोधलेलंच नसतं. गळतीच्या कामात पहिला खर्च शोधण्यावर करा, दुसरा दुरुस्तीवर, आणि रंगावर सगळ्यात शेवटी. मोबाइलवरचा फोटो बघून चौरस फुटाचा दर सांगणाऱ्याला काम देऊ नका, तो कितीही स्वस्त असो.

निम्मा शोध घरच्यांनाच लावता येतो. ओल बाराही महिने सारखीच असेल, तर वरच्या मजल्यावरच्या पाण्याच्या पाइपवर संशय घ्या. वरची मंडळी गावी गेली की ती सुकत असेल, तर त्यांची नहाणी किंवा सांडपाण्याची लाइन. आणि फक्त पावसात दिसत असेल, तर गच्ची किंवा बाहेरची भिंत. या नोंदी तारखांसह लिहून ठेवा, फोटो काढा. पंख्याच्या हुकातून किंवा दिव्याच्या पॉइंटमधून पाणी ठिबकत असेल, तर आधी त्या भागाचा वीजपुरवठा बंद करा.

जाणकार माणूस घरी आला की काय करतो, हे बघण्यासारखं असतं. तो भिंतीवर हातोडीच्या दांड्याने ठोकून पोकळ आवाज कुठवर येतो ते खडूने आखून घेतो. वरच्या बाथरूममधल्या नहाणी ट्रॅपला बोळा मारून रंग मिसळलेलं पाणी साठवतो आणि किमान 24 तास ठेवतो. खाली रंग उतरला, तर दोष फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगमध्ये किंवा ट्रॅपच्या सांध्यात. भिंतीतल्या पाइपला हातपंपाने दाब देऊन काटा बघतो. काटा उतरत गेला, तर पाइपच गळतोय. थर्मल कॅमेरा आणला म्हणून भारावून जाऊ नका. तो फक्त तापमानातला फरक दाखवतो, पाण्याचं मूळ नाही. प्लास्टर सुटून गंजलेल्या सळ्या दिसत असतील, तर वॉटरप्रूफिंगवाला पुरेसा नाही. तिथे स्ट्रक्चरल इंजिनीअरच हवा.

आता दर. मुंबई-पुण्याकडे स्वतंत्र इंजिनीअरच्या पाहणीला साधारण दोन ते पाच हजार रुपये पडतात. माल विकणारी मंडळी ही पाहणी फुकट करतात, पण त्यांच्या निदानाचा शेवट बहुधा त्यांच्याच मालावर होतो. हे दोन-पाच हजार मला सगळ्या खर्चात सार्थकी लागणारे वाटतात. न तोडता फरशीच्या सांध्यांत इपॉक्सी भरायचं, तर एका बाथरूमला सहा ते पंधरा हजार. दोष सांध्यांपुरता असेल, तरच हा उपाय टिकतो. बाथरूम फोडून नवा पाइप, ब्रिकबॅट कोबा, रसायनाचे थर आणि मध्यम प्रतीच्या टाइल्स, असं सगळं केलं तर पाऊण ते दीड लाख. गच्चीवर ॲक्रिलिक लेप चौरस फुटाला चाळीस ते सत्तर रुपये, पॉलियुरेथेनचा नव्वद ते दीडशे, आणि जुना कोबा काढून नवा घालायचा तर दीडशेच्या पुढे. मलबा उचलणं, तो जिन्याने खाली आणणं आणि बाहेरच्या भिंतीसाठी परांची बांधणं, हे खर्च बहुतेक कोटेशनमध्ये नसतात. आधीच विचारा. 18 टक्के जीएसटी दरात धरलाय की वेगळा, हेही.

पैसे कोणी द्यायचे, हा भांडणाचा मुद्दा. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून, पावसामुळे किंवा बाहेरच्या सामाईक पाइपमुळे होणारी गळती सोसायटीने दुरुस्त करायची. घरातल्या संडास-बाथरूम, सिंकमुळे होणारी गळती त्या सदस्याने. गच्चीच्या गळतीमुळे सर्वांत वरच्या मजल्याचं छत खराब झालं, तर तेही सोसायटीकडे. घर नवं असेल तर खिशात हात घालण्याआधी बिल्डरला लेखी कळवा. रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणं त्याच्यावर बंधनकारक आहे. घराचा विमा असेल, तर फोडाफोडीआधी कंपनीला कळवा आणि सर्व्हेअरला जागा बघू द्या. पाइप किंवा टाकी फुटून झालेलं नुकसान ‘भारत गृह रक्षा’सारख्या पॉलिसीत येतं, वर्षानुवर्षं मुरत आलेल्या ओलीचा दावा मात्र टिकत नाही.

कोटेशन ‘एकूण इतके रुपये’ असं एका ओळीत घेऊ नका. मालाचं नाव, किती थर, किती क्षेत्रफळ आणि पॅरापेटवर लेप किती उंच चढवणार, हे त्यात हवंच. पाणी बहुतेक वेळा भिंत आणि गच्ची जिथे मिळतात त्या कोपऱ्यातूनच शिरतं, म्हणून तिथे नीट वाटा (कोपऱ्याला गोलाई देणारा उतार) काढणं सपाट भागाइतकंच महत्त्वाचं. माल मोजायची एक साधी रीत आहे. एका लिटरमध्ये किती चौरस फूट होतं, हे कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. समजा, दोन थरांसाठी ते वीस चौरस फूट आहे आणि गच्ची सहाशेची. म्हणजे तीस लिटर लागणार. वीस लिटरचा एकच डबा आला असेल, तर उरलेलं काम पाण्यावर उरकलं जाणार. डबे तुमच्यासमोर उघडायला सांगा. ‘कंपनीचा अधिकृत ॲप्लिकेटर’ असं कार्डावर असेल, तर कंपनीला फोन करून खात्री करा. दोन-तीन पावसाळे झालेलं त्याचं एखादं जुनं काम बघून या. गेल्या महिन्यातलं चकचकीत काम काही सांगत नाही.

गच्चीचं काम दिवाळीनंतर ते मे या काळात उरका. ओल्या पृष्ठभागावर बहुतेक लेप धरत नाहीत आणि जूनमध्ये सगळ्यांचीच घाई. उंचावर काम करणाऱ्या मजुरांना पट्टा आणि विमा आहे का, हेही विचारा. ती माणसं आपल्याच घरासाठी जीव धोक्यात घालतात.

आगाऊ रक्कम वीस टक्क्यांवर देऊ नका. टाइल्स बसण्याआधी नहाणी तुंबवून पाणी साठवा, गच्चीवर 48 तास पाणी उभं करा, आणि खाली थेंब नाही हे पाहिल्यावरच मोठा हप्ता सोडा. दहा टक्के पहिल्या पावसाळ्यापर्यंत हातात ठेवा आणि तसं करारातच लिहून घ्या. हमी लेटरहेडवर हवी. पुन्हा गळलं तर किती दिवसांत येणार आणि फोडलेल्या टाइल्सचा खर्च कोणाचा, हे तिच्यात नसेल तर तो कागद काही कामाचा नाही.

बिल मात्र पक्कंच घ्या. काम फसलं आणि कंत्राटदार फोन उचलेनासा झाला, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या कामाच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.