काटेरी झुडपाची सावली

पाठ : शास्ते, अध्याय ९. वचने १ ते २१ मोठ्याने वाचावीत. शेवटासाठी वचने ४५ ते ५७ पाहावीत.

निवडणुकीचे दिवस आले म्हणजे आमच्या मंडळ्यांत दोन प्रकारचे बोलणे ऐकू येते. कोणी म्हणतात, आपले वतन स्वर्गात आहे, ह्या जगाच्या राजकारणाशी आपणांस काय कर्तव्य? कोणी म्हणतात, गाव करील ते आपण करावे. जो हातावर काही ठेवील त्याला मत देऊन मोकळे व्हावे. ह्या दोन्ही बोलण्यांस उत्तर देणारा एक अध्याय पवित्र शास्त्रात आहे. तो आज आपण अभ्यासासाठी घेऊ.

१. शखेमात काय घडले

गिदोन मरण पावल्यावर त्याचा पुत्र अबीमलेख आपल्या आजोळी, शखेम नगरास गेला. मामांच्या तोंडून त्याने नगरच्या लोकांपुढे दोन गोष्टी मांडल्या. सत्तर भावांनी अधिकार चालविण्यापेक्षा एकाने चालविणे बरे, ही एक. आणि तो एक तुमच्याच हाडामांसाचा आहे, ही दुसरी. हा मनुष्य न्यायी आहे काय, देवाला भिणारा आहे काय, हे कोणी विचारले नाही. तो आपला भाऊ आहे एवढ्यानेच त्यांची मने वळली. त्यांनी बआल-बरीथाच्या देवळातून त्याला रुप्याची सत्तर नाणी दिली. त्या पैशाने त्याने उनाड माणसे पदरी ठेवली व आपल्या भावांस एकाच धोंड्यावर ठार मारिले. धाकटा योथाम तेवढा लपून राहिल्यामुळे वाचला.

हाच योथाम गरिज्जीम डोंगराच्या माथ्यावर उभा राहून झाडांचा दृष्टान्त सांगतो. जैतून, अंजीर व द्राक्षवेल ह्या तिघांनी राज्यपद नाकारिले. काटेरी झुडपाने ते घेतले आणि सर्वांस आपल्या सावलीत बोलाविले. काटेरी झुडपाला सावली ती कसली! दृष्टान्त संपवून योथाम जो प्रश्न करितो तो झुडपास नाही, निवडणाऱ्यांस आहे. तुम्ही हे काम खरेपणाने केले काय, असे तो त्यांस विचारितो. ह्या पाठाचे मर्म येथेच आहे. राज्य करणाऱ्याचा हिशेब देव घेईलच. परंतु निवडणाऱ्याचाही हिशेब आहे.

२. ‘तो आपला भाऊ आहे’

इंग्रजी अमलात १९३५ च्या कायद्याने हिंदी ख्रिस्ती लोकांस वेगळे मतदारसंघ होते. पुढे घटना समितीत राखीव जागांचा प्रश्न निघाला, तेव्हा समितीचे उपाध्यक्ष डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी, जे स्वतः बंगाली ख्रिस्ती होते, त्यांनी धार्मिक अल्पसंख्याकांसाठी अशा जागा नकोत अशी भूमिका घेतली. आणि मे १९४९ मध्ये समितीने त्या सोडून दिल्या. धर्मावरून वेगळी मतदारयादी असू नये, हे घटनेच्या ३२५ व्या अनुच्छेदात लिहिले आहे. म्हणून आपले नाव आज शेजाऱ्याच्याच यादीत, त्याच्या नावाच्या खालीवर असते. आपले मत केवळ आपल्या मंडळीसाठी नाही. ज्या विहिरीचे पाणी सारा गाव भरितो त्या विहिरीसाठी आहे.

लोकसभा व विधानसभा ह्यांच्या निवडणुकीत धर्माच्या वा जातीच्या नावाने मत मागणे हा १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे भ्रष्टाचार ठरतो. ही मनाई मतदाराच्या धर्माजातीसही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी २ जानेवारी २०१७ रोजी बहुमताने ठरविले. आमच्या पाळकांनी व उपदेशकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमक्यास मत न दिल्यास देवाचा कोप होईल, असा धाक मतदारास घालणे हेदेखील त्याच कायद्याने निषिद्ध आहे. व्यासपीठावरून मताचे मोल शिकवावे. उमेदवाराचे नाव सांगू नये.

३. रुप्याची नाणी

शखेमात लोकांनी उमेदवारास पैसा दिला. आमच्याकडे बहुधा उमेदवार लोकांस देतो. वाट उलटी असली तरी पैसा एकच काम करितो : तो डोळ्यांवर पडदा टाकितो. मोशेच्या नियमशास्त्रानेही हाच इशारा दिला आहे (निर्गम २३.८).

पैसा देवळासाठी असला म्हणजे तो शुद्ध होतो, असेही पुष्कळांस वाटते. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे व नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे सरपंचपदाचा लिलाव झाल्याचे आढळून आल्यावरून राज्य निवडणूक आयोगाने तेथील ग्रामपंचायतींची निवडणूक रद्द केली. आपण शेजाऱ्यांस नावे ठेवू नयेत. उद्या कोणी आमच्या उपासनामंदिरावर पत्रे घालून देतो म्हणाला व बदल्यात साऱ्या मंडळीची मते मागू लागला, तर आम्ही काय उत्तर देऊ? गळके छप्पर सोसवेल. विकलेली मंडळी सोसवणार नाही.

कोणी म्हणतात, त्यांचे घ्यावे आणि मत मनातल्या माणसास द्यावे. ही चतुराई वाटते. पण तिच्यात खोटा शब्द आहे, आणि भारतीय न्याय संहितेप्रमाणे निवडणुकीत लाच देणारा व घेणारा दोघेही अपराधी आहेत. शिवाय पैसे घेतलेला मनुष्य पुढे पाच वर्षे कोणत्या तोंडाने विचारील की शाळेला शिक्षक का नाही? निवडून आलेला म्हणेल, तुझा हिशेब मी त्या रात्रीच चुकता केला.

ज्याचे पोट दुसऱ्याच्या शेतावर आहे त्याला नाही म्हणणे कठीण, हे आम्ही जाणतो. त्याने एवढे ध्यानी धरावे की मत गुप्त असते; मालक मजुरी बंद करू शकेल, परंतु यंत्रापुढे त्याचा हात धरण्यास तो येऊ शकत नाही. आणि अशा भावाची मजुरी खरोखर बुडाली, तर मंडळीने त्याच्या चुलीची काळजी घ्यावी. नाहीतर आमचा उपदेश पोकळ होय.

४. जैतुनाचा नकार

जैतुनाने आपले तेल, अंजिराने आपला गोडवा सोडला नाही. ती कामे चांगलीच होती. तथापि जागा रिकामी राहिली व काट्यांनी ती भरिली. आमच्यांतील प्रामाणिक शिक्षक, शिकलेल्या भगिनी, हिशेबाला चोख अशी माणसे ग्रामसभेस जात नाहीत आणि मग पंचायतीस दोष देतात.

भगिनींनी विशेष विचार करावा. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी पुष्कळ स्त्रियांनी आपले नाव न सांगता अमक्याची बायको, अमक्याची आई, एवढेच सांगितले. अशा सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गेली. आज महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत. जी निवडून येईल तिने सहीपुरते राहू नये. ठराव वाचावा, विचारावे, मग सही करावी.

५. शेवट

अबीमलेखाचा अधिकार तीन वर्षे चालला. ज्या शखेमाने त्याला राजा केले तेच नगर त्याने पाडिले व त्यावर मीठ पेरिले. पुढे तेबेसात एका स्त्रीने बुरुजावरून टाकिलेल्या जात्याच्या तळीने त्याचा अंत झाला. आग झुडपातून निघाली खरी. सरपण नगराने पुरविले होते.

मंडळीत विचारासाठी प्रश्न

१. शखेमाच्या लोकांनी उमेदवाराविषयी कोणते प्रश्न विचारावयास हवे होते? निर्गम १८.२१ पाहा.
२. मत नाकारल्यामुळे ज्याची मजुरी जाईल त्याच्यासाठी आपली मंडळी काय करील?
३. आपल्यांपैकी किती जण गेल्या ग्रामसभेस हजर होते?