टीव्ही विकायचाय? आधी खोक्यावरची बारीक ओळ वाचा

व्हिडिओत टीव्हीच्या आकड्यांचा विषय अर्धाच राहिला होता, तो इथे पूर्ण करतो.

मांजरसुंब्याला दुकान टाकलं त्या वर्षीची गोष्ट. कार्तिक पौर्णिमेला कपिलधारला मन्मथस्वामींची यात्रा भरते. त्याच्या आठ दिवस आधी तिथल्या एका हॉटेलवाल्या काकांनी दरपत्रक दाखवायला ३२ इंची टीव्ही नेला. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘फुल एचडी सपोर्ट’. मीही छातीठोकपणे म्हणालो, “फुल एचडी आहे काका.” त्यांच्या पुतण्याने लॅपटॉप जोडला तर बारीक अक्षरं धूसर. खोक्याची खालची ओळ मी वाचलीच नव्हती : १३६६ × ७६८. बीबीए झालेला माणूस मी! टीव्ही परत घेतला, पैसे दिले. ऐन यात्रेत काकांची पंचाईत झाली ती वेगळीच.

‘सपोर्ट’ म्हणजे टीव्ही तो सिग्नल घेतो, पण दाखवताना स्वतःच्या पॅनेलएवढा लहान करतो. पॅनेलवर ठिपके किती, ते बघायचं. १३६६ × ७६८ म्हणजे साधारण साडेदहा लाख ठिपके, हा ‘एचडी रेडी’. १९२० × १०८० म्हणजे पावणेएकवीस लाख, हा फुल एचडी. ३८४० × २१६० म्हणजे जवळजवळ ८३ लाख, हा फोर-के.

१०८० च्या पुढे ‘पी’ असेल तर सगळ्या ओळी एकदम येतात. ‘आय’ असेल तर आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. आपल्याकडचे डीटीएचचे एचडी चॅनेल ‘आय’मध्येच येतात.

आता गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारा : बघणार काय? डीडी फ्री डिशवरचे बहुतेक चॅनेल ५७६ ओळींचे. तेवढंच बघणाऱ्याला फोर-के गळ्यात मारलात तर चित्र काही सुधारत नाही, उलट मोठ्या पडद्यावर जास्त फुटकं दिसतं. आणि ‘माणसं जाडी दिसतात’ अशी तक्रार आली तर टीव्ही खराब नसतो. ४:३ चं चित्र १६:९ च्या पडद्यावर ताणलेलं असतं; सेटिंगमध्ये पिक्चर साइज बदलून द्या.

नवा माल आला की मी लॅपटॉप एचडीएमआयने जोडतो, १०८० वर लावतो आणि बारीक अक्षरांची एक्सेल शीट उघडतो. दोन मिनिटांचं काम. मग बिलावर मॉडेल नंबरशेजारी पॅनेलचे आकडे हाताने लिहितो.

काकांनी नंतर मिक्सर माझ्याकडूनच नेला. टीव्ही मात्र बीडहून आणला.