दोन दिवस घर बंद : मांजराचे काय?



नोव्हेंबर सरत आला की आपल्या भागातून जुन्या गोव्याकडे जाणाऱ्यांची लगबग सुरू होते. ३ डिसेंबरचा संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण आपल्यापैकी अनेकांच्या घरी ठरलेलाच असतो. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात दर दहा वर्षांनी होणारे पवित्र अवशेषांचे दर्शन होते, तेव्हा तर कित्येक घरांना कुलपे लागली. बेळगावकर चोर्ल्याच्या घाटाने गेले, निपाणीकर आजरा-आंबोलीच्या वाटेने. सणाखेरीज पाहुण्यांकडची लग्ने असतात, बारसे असते, वसतिगृहातल्या मुलांना भेटायला जाणे असते. शनिवारी सकाळी निघायचे आणि रविवारी रात्री किंवा सोमवारी पहाटे परतायचे, असा हा दोन दिवसांचा हिशेब.

निघण्यापूर्वी गाई-म्हशींची सोय आपण करतोच. धारा कोण काढणार, वैरण कोण टाकणार, हे आठ दिवस आधी ठरते. कोंबड्या शेजारीण कोंडते. कुत्र्याला कोणीतरी भाकरी घालते. मांजराचा विषय निघाला की मात्र आपण म्हणतो, "ते आपले बघून घेईल." या बोलण्यात अर्धेच खरे आहे. उरलेल्या अर्ध्यापायी दरवर्षी कितीतरी पिले मरतात, आणि कधी कधी घरातल्या माणसांच्या प्रकृतीलाही धोका होतो. म्हणून आजचा धडा या विषयावर घेत आहोत.

मांजर शेतकऱ्याच्या घरी कशासाठी?

शाळू, भुईमूग, सोयाबीन, हरभरा यांची पोती घरात आली की मागोमाग उंदीर येतो. तो धान्य खातो, आणि खातो त्याहून अधिक लेंड्यांनी व मुताने नासवतो. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस हा ताप माणसाला होतो. खानापूरकडच्या भातखाचरात अनवाणी राबणाऱ्यांनी तर हे विसरू नये.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे बेळगाव-धारवाड भागातही पसरला. उंदरावरची पिसू हा रोग माणसापर्यंत आणते, हे १८९८ साली सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने दाखवून दिले. १९०८ साली ब्युकॅनन नावाच्या सरकारी डॉक्टराने, मांजरे पाळणे हा प्लेगपासून बचावाचा उपाय आहे, असे लिहून मांडले. मांजरालाही प्लेग होऊ शकतो हे आज आपल्याला ठाऊक आहे. त्यामुळे मांजर म्हणजे रोगावरची ढाल असे कोणी समजू नये. तरीही घरातले उंदीर आटोक्यात ठेवायला मांजराचा उपयोग होतो, यात शंका नाही.

एक गैरसमज मात्र काढून टाकू या. "उपाशी मांजर जास्त उंदीर मारते," असे आपल्याकडे म्हणतात. पोटभर खाल्लेले मांजरही शिकार करते, कारण तो त्याचा स्वभाव आहे. उपाशी मांजर अन्नाच्या शोधात दुसऱ्याचे घर धरते. दोन दिवस कोणी विचारले नाही, तर तुमचे मांजर तुमचे राहीलच असे नाही.

पिलाला एकटे ठेवू नये

मांजराच्या पिलाचे डोळे सात ते चौदा दिवसांत उघडतात. पहिले चार आठवडे त्याला स्वतःच्या अंगाची ऊब नीट राखता येत नाही. चौथ्या आठवड्यापासून ते थोडेथोडे खाऊ लागते आणि सुमारे आठव्या आठवड्यात आईचे दूध सुटते. आई जवळ असेल तर तिला रोज भरपूर खाणे-पाणी मिळेल आणि तिची येण्याजाण्याची वाट बंद होणार नाही, एवढे बघावे. आई बाहेर आणि पिले कुलपाआड, असे झाले तर डिसेंबरच्या गारठ्यात ती पिले सोमवारपर्यंत टिकत नाहीत.

आई नसलेले, दूध सुटलेले पिलू दोन-तीन महिन्यांचे असते. त्याचे पोट लहान, म्हणून त्याला दिवसातून तीन-चार वेळा थोडेथोडे खाणे लागते. दोन दिवसांचे खाणे एकदम वाढून ठेवले तर ते काही खाते, काही तुडवते आणि उरलेल्याला मुंग्या लागतात. चार महिन्यांखालच्या पिलाला काही तासांपेक्षा जास्त एकटे ठेवू नये. त्याला टोपलीत घालून शेजाऱ्याच्या किंवा भावकीतल्या घरी पोचवावे, हाच खरा मार्ग.

मोठ्या मांजराचे गणित

धडधाकट मोठे मांजर खाणे-पाणी ठेवल्यास एक दिवस, म्हणजे चोवीस तास, एकटे राहू शकते. त्यापुढे रोज निदान एकदा तरी कोणी येऊन त्याला बघायला हवे. याची कारणे ध्यानात घ्या.

पहिले कारण पाण्याचे. भांडे एकच असेल आणि ते कलंडले, तर मांजर तहानलेले राहते. दुसरे कारण खाण्याचे. मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही, तर अंगातली चरबी यकृतात साचून यकृत निकामी होऊ लागते. गुबगुबीत मांजराला हा धोका अधिक. तिसरे कारण बोक्याचे. बोक्याची लघवी तुंबण्याचा आजार असतो. तो वारंवार बसतो, कण्हतो, पण लघवी होत नाही. एक ते तीन दिवसांत तो दगावू शकतो. बघणारे कोणी असेल तरच हे कळते आणि जनावरांच्या डॉक्टरकडे नेता येते.

कोंडून जाण्यातला धोका

आपल्या घरात मांजराला अपाय करणाऱ्या वस्तू बऱ्याच असतात. जाण्यापूर्वी घरात एक फेरी मारून त्या बघाव्यात.

१. तंबाखू : निपाणी भागात घरात किंवा वखारीत तंबाखू असतोच. त्यातले निकोटीन हे मांजराला विष आहे. अशा खोलीत मांजर चुकून कोंडले गेले नाही ना, हे कुलूप लावण्यापूर्वी बघावे.

२. बिडीचा दोरा : मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात. तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही. तो पोटात जातो आणि आतडी गोळा करतो. सूप, दोरा आणि सुया पेटीत बंद करून जावे.

३. उंदराचे विष : "घर बंदच आहे, तर औषध टाकून जाऊ," असा विचार पुष्कळ जण करतात. झिंक फॉस्फाइड पोटात गेले की त्याचा विषारी वायू होतो आणि त्यावर उतारा नाही. दुसऱ्या प्रकारच्या विषाने, म्हणजे ब्रोमॅडिओलोनने, उंदीर काही दिवसांनी मरतो. तो उंदीर मांजराने खाल्ला तर तेही रक्तस्राव होऊन मरू शकते. मांजर आहे त्या घरात विष टाकू नये.

४. गोचिडाचे औषध : गाई-बैलांच्या गोचिडांवर वापरतात ती सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारखी औषधे मांजराला झेपत नाहीत, त्याला झटके येतात. फवारणीचे भांडे उघडे ठेवू नये आणि पिसवा जाव्यात म्हणून हे औषध मांजराला मुळीच लावू नये. माणसाची पॅरासिटामॉलची गोळीही त्याला देऊ नये. एका गोळीनेही मांजर मरू शकते.

५. पत्रा : एप्रिल-मे महिन्यात बंद पत्र्याची खोली भट्टीसारखी तापते. तशा खोलीत मांजर कोंडू नये.

सोय कशी करावी?

शेजारच्या घरी आधी दोन दिवस सांगावे आणि मांजराशी ओळख करून द्यावी. पाणी दोन मातीच्या परळांत, दोन निरनिराळ्या जागी, खाण्यापासून थोडे दूर ठेवावे. दूध-भाकरी कालवून ठेवू नये. ती आंबते, आणि पुष्कळ मोठ्या मांजरांना दुधाने जुलाब होतात. शेजारणीने सकाळ-संध्याकाळ थोडा मासळी-भात किंवा उकडलेले अंडे घालावे. कांदा-लसणाचे कालवण घालू नये, ते मांजराला बाधते. सोप्यातली एक खिडकी किंवा परड्याकडची वाट त्याला मोकळी असावी. मांजर घरातच राहणारे असेल तर टोपलीत वाळू किंवा राख घालून ठेवावी आणि ती रोज साफ करायला सांगावे.

परत आल्यावर

ही रोजची सफाई महत्त्वाची का, ते आता सांगतो. टोक्सोप्लाझ्मा नावाचा एक सूक्ष्म जंतू काही मांजरांच्या विष्ठेतून पडतो. ताज्या विष्ठेतून तो लागत नाही, एक ते पाच दिवसांनी तो लागण करण्याजोगा होतो. म्हणजे शनिवारची न काढलेली घाण सोमवारी जास्त धोक्याची. गरोदर बाईला पहिल्यांदाच त्याची लागण झाली तर पोटातल्या बाळाला इजा होऊ शकते. म्हणून घरात गरोदर सून किंवा लेक असेल, तर ही टोपली दुसऱ्याने काढावी आणि हात साबणाने धुवावेत. तिने परड्यात माती चाळवतानाही काळजी घ्यावी. हा जंतू अर्धेकच्च्या मटणातूनही येतो, म्हणून मटण पुरते शिजवावे. एवढी काळजी घेतली की मांजर घराबाहेर काढण्याची गरज नाही.

दोन दिवस मोकळे हिंडलेले मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले, तर हळद-चुना लावत बसू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. पिसाळण्याचा रोग कुत्र्याप्रमाणे मांजरापासूनही होतो, आणि एकदा लक्षणे दिसली की त्यातून माणूस वाचत नाही. पूर्वीची पोटातली चौदा इंजेक्शने आता राहिली नाहीत. आताची लस दंडात, ठराविक दिवशी देतात. ती पूर्ण घ्यावी. मांजर तीन महिन्यांचे झाले की त्यालाही लस टोचून घ्यावी.

शेवटी कायद्याचेही एक वाक्य. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानुसार, पाळलेल्या जनावराला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हा गुन्हा आहे. त्या कायद्यात जसा बैल येतो तसे मांजरही येते.

घरी बसून बोलण्यासाठी प्रश्न

१. या वर्षी आपण कोणकोणत्या दिवशी घर बंद ठेवणार आहोत? त्या दिवशी मांजराकडे कोण बघेल?

२. तंबाखू, दोरा, उंदराचे विष आणि गोचिडाचे औषध आपल्या घरात आज कोठे ठेवलेले आहे?

३. शेजारी बाहेरगावी गेले, तर त्यांच्या मांजरासाठी आपण सकाळ-संध्याकाळ जाऊ का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर "हो" असेल, तर पहिल्याचे उत्तरही आपसूक मिळेल.