चिखलदऱ्याला सहा जणांनी जाताना

आम्ही तीन जोडपी. यांचा शाळेतला एक मित्र, ऑफिसातला एक, त्यांच्या बायका आणि आम्ही दोघं. गेली अकरा वर्षं श्रावणातला एक शनिवार-रविवार आम्ही चिखलदऱ्याला घालवतो. नागपूरच्या माणसाला डोंगर म्हटलं की पचमढी नाहीतर चिखलदरा, दोनच नावं आठवतात. पचमढीला दोन दिवस पुरत नाहीत, म्हणून आमचं चिखलदरा ठरलं ते ठरलंच. या अकरा वर्षांत जे शिकले ते लिहिते आहे. जाणाऱ्याला उपयोगी पडेल.

1. पहाटे पाचला गाडी निघालीच पाहिजे.

अंतर सुमारे 230 किलोमीटर. कोंढाळी, तळेगाव, तिवसा, मोझरी करत अमरावतीला पोहे खायचे, तिथून परतवाडा आणि मग घाट. ऐकायला सोपं वाटतं. दुसऱ्या वर्षी कोणाची पूजा, कोणाचं पाणी आलं नाही, असं करत आम्ही दुपारी निघालो आणि घाट चढायला लागलो तेव्हा अंधार पडला होता. वर धुकं. दिव्यांचा उजेड धुक्यावर आपटून परत आमच्याच डोळ्यांवर येत होता. यांनी गाडी पहिल्या गिअरवर टाकली, मित्राने डावीकडची काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि रस्त्याची कड पाहून सांगत राहिला, "नाली आहे भाऊ, थोडं उजवीकडे घे. आता सरळ. सरळच." मागे आम्ही तिघी एकमेकींचे हात धरून बसलो होतो. कोणी एक शब्द बोललं नाही. वर पोचल्यावर यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवरून निघेनात. त्या दिवसापासून उशीर करणाऱ्यासाठी कोणी थांबत नाही आणि कोणी उशीरही करत नाही. दुसरं कारण गर्दीचं. श्रावणातल्या शनिवारी दुपारनंतर घाटात गाड्यांची रांग लागते. सकाळी नऊ-दहाला वर पोचलात तर अर्धा दिवस हातात राहतो.

2. पैसा एकाच पिशवीत.

निघताना प्रत्येक जोडप्याने सारखे पैसे पिशवीत टाकायचे. पेट्रोल, खोली, चहा, सगळं त्यातून. "तू दे, मी नंतर देतो" यात आमची एक जुनी मैत्री जवळजवळ एक वर्ष अबोल राहिली होती. रक्कम चारशे रुपयांची होती.

3. घरून स्वयंपाक न्यायचा नाही.

हे मी तिघींच्या वतीने लिहिते आहे. पहिल्या वर्षी मी रात्री दोनला उठून पुऱ्या तळल्या. एकीने भरल्या वांग्यांचा डबा केला, दुसरीने मसालेभात. गाडीत बसल्याबरोबर आम्ही तिघी झोपलो. पावसाने हिरवागार झालेला वऱ्हाड पुरुषांनी पाहिला, आम्ही नाही. खोलीवर पोचलो तर वाढायचं आम्हीच, भांडी विसळायचीही आम्हीच. घरातली चूल तेवढी डोंगरावर नेली होती. आता फक्त चिवडा आणि संत्रा बर्फी जाते, बाकी जे वर मिळेल ते खायचं. धुक्यात भाजलेल्या भुट्ट्याला तिखट-मीठ-लिंबू लावून खाताना कोणाला मसालेभात आठवत नाही. येताना तिथला खवा मात्र बांधून आणा.

4. सगळे पॉइंट पाहायचे नाहीत.

देवी पॉइंट, पंचबोल, भीमकुंड, मोझरी पॉइंट... एका वर्षी आम्ही यादी करून एका दिवसात नऊ ठिकाणं उरकली. घरी आल्यावर फोटो पाहूनही कोणता दरा कुठला ते सांगता येईना. आता एक पॉइंट आणि एक गाविलगड, बस.

गाविलगडाला वेळ द्या, खास करून नागपूरकरांनी. हा किल्ला आपल्या भोसल्यांचा. 15 डिसेंबर 1803 ला तो आर्थर वेलस्लीच्या फौजेने घेतला. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच हा. दोनच दिवसांनी दुसऱ्या रघुजी भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड हातचा गेला. सकाळी तळेगाव सोडल्यावर आपण पुलावरून ओलांडतो तीच ही नदी. गडाच्या दरवाजावर दोन डोक्यांचं गंडभेरुंड कोरलेलं आहे. पावसात ओल्या काळ्या दगडावर त्याची पिसं वेगवेगळी मोजता येतात. आत तलाव, उघड्यावर पडलेल्या तोफा, कमरेएवढं गवत. एका वहिनींचे गुडघे दुखतात, त्या दरवाजापाशीच बसतात आणि आमच्यापैकी एक जण आळीपाळीने त्यांच्याजवळ थांबतो. "तुम्ही बसा, आम्ही येतोच" म्हणून माणसाला एकटं टाकून जायचं नाही.

5. जंगल आपलं नाही.

हा मेळघाट आहे, देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, आणि कोरकू लोकांचं घर. माकडांना बिस्किटं देऊ नका. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या गाडीत ठेवून परत आणा. गाण्यांचा आवाज गाडीच्या बाहेर जाऊ देऊ नका.

6. रविवारी सकाळचा एक तास फक्त नवरा-बायकोचा.

हे उशिरा कळलं. मित्रांबरोबर गेलं की पुरुष पुढे, बायका मागे. खोलीवर पुरुषांची पत्त्यांची बैठक, आमच्या वेगळ्या गप्पा. मजा येते, पण दोन दिवसांत आपल्याच नवऱ्याशी "चादर दे" याच्यापलीकडे बोलणं होत नाही. मग आम्ही ठरवलं, रविवारी सकाळी सात ते आठ प्रत्येक जोडपं आपल्या वाटेने जाईल. आठला सगळे चहाच्या टपरीवर.

चार वर्षांपूर्वी आम्ही दोघं भीमकुंडाकडे चालत गेलो होतो. दऱ्या धुक्याने भरलेल्या, पाण्याचा आवाज येतो पण पाणी दिसत नाही. हे कठड्याला टेकून चष्मा पुसत होते. पुसायचे, डोळ्यांवर ठेवायचे, लगेच धूसर व्हायचा, परत काढायचे. तीन-चारदा असं झालं. मग चष्मा हातातच ठेवून, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बाबा गेले तेव्हापासून रात्री झोपच येऊन नाही राहिली मला."

सासऱ्यांना जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. मी रोज त्याच खोलीत, हातभर अंतरावर झोपत होते. घरी टीव्ही होता, मुलाची परीक्षा होती, दोघांचे मोबाइल होते. हे वाक्य तिथे निघालं नव्हतं. मी काही समजावलं नाही. ते बोलत राहिले, मी ऐकत राहिले. टपरीवर आम्ही साडेआठला पोचलो. चहा थांबवून ठेवला होता, उशीर का झाला हे कोणी विचारलं नाही.

परत आल्यावर मंगळवारी आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो.