वाटेवरील जनावर व मोटार

डहाणूहून पूर्वेस चारोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आशागड लागते. चिकूच्या वाड्या, भाताची खाचरे व गवताचे माळ यांतून निघणाऱ्या लहान वाटा या रस्त्यास येऊन मिळतात. मोटारी विरळा होत्या त्या काळी या वाटांवरचा गाडीवान धुरेवर बसून डुलकी घेई व बैल आपण होऊन घर गाठीत. हल्ली तसे राहिले नाही. चारोटीस मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग आहे. गेल्या काही वर्षांत द्रुतगती मार्गाच्या व जलदगती रेल्वेच्या कामांनिमित्त अवजड मालमोटारी आमच्या तालुक्यांत येऊ लागल्या. आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाल्यापासून रहदारी वाढणार हे उघडच आहे. जनावर मात्र अद्याप शेतकऱ्याच्या घरी आहे. सबब घोडा, तट्टू व बैलगाडी घेऊन मोटारींच्या रस्त्यावरून सुखरूप कसे जावे, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

प्रारंभी आमचीच एक चूक सांगणे प्राप्त आहे. गेल्या मृगाच्या आधी एके दिवशी सांजावताना आम्ही घोडीवर बसून वाडीहून परतत होतो. अंगात करड्या रंगाचा सदरा, लगाम सैल, आणि कानाशी मोबाईल. चिकूच्या भावाविषयी व्यापाऱ्याशी बोलणे चालले होते. मागून आमच्या गड्याचा दहा वर्षांचा मुलगा वासरू घेऊन येत होता. वळणावर डाव्या हातास कोणी गवताच्या गंजीवर निळी ताडपत्री टाकली होती व तिचे एक टोक वाऱ्याने फडफडत होते. त्याच क्षणी पाठीमागून आलेल्या मालमोटारीने भोंगा वाजविला. घोडी ताडपत्रीस बुजून उजवीकडे उसळली, तिचा मागचा भाग थेट डांबरावर आला, व मोटारीचा कोपरा तिच्या मांडीस घासून गेला. आम्ही कुंपणात पडलो. मुलगा दोन हात पुढे असता तर काय झाले असते, हे लिहवत नाही.

मोटार थांबली. हाकणारा तरुण उतरून आला, त्याचे हातपाय कापत होते. तो इतकेच म्हणाला, "साहेब, घोडी उजवीकडे येणार हे मला कसे कळावे?" आमच्या तोंडी रागाचे शब्द आले होते, पण या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. घोडी चार महिने लंगडली. त्या चार महिन्यांत आम्ही जे वाचले, विचारले व करून पाहिले, ते पुढे देत आहोत.

(१) जनावर का बुजते

घोडा हा पळून जीव वाचविणारा प्राणी आहे. भीतीचे कारण शोधण्याआधी तो दूर होतो व मग वळून पाहतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्यामुळे त्यास सभोवार जवळजवळ सर्व दिसते. मात्र कपाळाच्या अगदी पुढील व शेपटीच्या थेट मागील जागा त्याच्या दृष्टीबाहेर राहते. पाठीमागून सरळ रेषेत येणारी मोटार त्यास दिसत नाही, केवळ ऐकू येते. आणि न दिसणाऱ्या वस्तूचा आवाज हेच त्याच्या भीतीचे मूळ होय. बैलाची गोष्टही बहुतांशी अशीच आहे.

दुसरे असे की, या जनावरांस निळा व पिवळा रंग ओळखू येतो, तांबडा तितका येत नाही. म्हणून निळी ताडपत्री त्यांस लांबूनच निराळी भासते. उजेडातून काळोखात जाताना घोड्याची दृष्टी माणसाहून सावकाश जुळते. यास्तव समोरून दिव्यांचा झोत आला, अथवा झाडीच्या गर्द सावलीत शिरावे लागले, तर तो अडतो. ही त्याची खोडी नव्हे. अशा वेळी चाबूक मारल्यास मोटार म्हणजे मार, एवढेच तो शिकतो.

(२) वेगाचा व रुंदीचा हिशेब

मोटार हाकणाऱ्यास धोका दिसल्यापासून पाय गतिरोधावर जाईपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर ताशी ३० किलोमीटर वेगाने येणारी मोटार साधारण १४ मीटरांत थांबते. ६० च्या वेगास सुमारे ४१ मीटर, व ८० च्या वेगास सुमारे ६४ मीटर लागतात. वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर जवळजवळ तिप्पट होते. ओल्या रस्त्यावर व भरलेल्या मालमोटारीस यांहून अधिक अंतर लागते. चिकूवाडीच्या कुंपणालगतच्या वळणावर पुढचे २० मीटरही दिसत नाहीत. तेव्हा तेथे मोटार वेळेवर थांबेल या भरवशावर राहणे व्यर्थ आहे.

आता रुंदी पाहा. एकेरी रस्त्याचे डांबर सामान्यतः पावणेचार मीटर रुंद धरतात. मालमोटार सुमारे अडीच मीटर रुंद असते. उरले सव्वा मीटर. आणि स्वारासह घोड्यास मीटरभर जागा तर लागतेच. इंग्लंडात २०२२ साली सुधारलेल्या वाहतुकीच्या नियमांत घोड्याजवळून जाताना ताशी १० मैलांहून, म्हणजे १६ किलोमीटरांहून, कमी वेग ठेवावा व निदान २ मीटर अंतर सोडावे असे सांगितले आहे. आमच्या एकेरी रस्त्यावर हे अंतर सुटणे शक्यच नाही. म्हणजे दोहोंपैकी एकाने डांबर सोडले पाहिजे, अथवा एकाने थांबले पाहिजे.

(३) घोडेस्वाराने काय करावे

रस्त्याची डावी बाजू सोडू नये. लगाम आखूड धरावा, पण तोंड ओढू नये. दोघे स्वार असल्यास अरुंद वाटेवर एकामागे एक चालावे. रुंद रस्त्यावर नवशिके घोडे डावीकडे व मुरलेले घोडे रहदारीच्या बाजूस ठेवावे. लोखंडी नाल ठोकलेला घोडा गुळगुळीत डांबरावर घसरतो, म्हणून डांबरावर दुडकी वा दौड कधीही करू नये, कदमानेच जावे. निघण्यापूर्वी तंग व रिकिबीचे पट्टे पाहावेत. डोक्यास मोटारसायकलीचे नव्हे तर घोडेस्वारीसाठी केलेले शिरस्त्राण घालावे, आणि मोबाईल खिशात ठेवावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढीलप्रमाणे. डाव्या बाजूस ताडपत्री, मोरीचा कठडा, वाळत घातलेले कपडे असे काही दिसले की बहुतेक स्वार घोड्याचे तोंड त्या वस्तूकडे वळवितात. त्यायोगे घोड्याचा मागचा भाग उजवीकडे, म्हणजे रहदारीत जातो. याच्या उलट करावे. तोंड किंचित उजवीकडे वळवावे व उजव्या टाचेने अंग डावीकडे दाबावे. मग घोडा बुजला तरी त्याचे मागचे पाय साईडपट्टीवर पडतात. ही एक गोष्ट त्या सायंकाळी आम्हांस ठाऊक असती तर घोडी वाचली असती.

घोडा चालवत न्यावयाचा झाल्यास आपण जनावर व मोटारी यांच्या मध्ये असावे; म्हणजे घोडा आपल्या डाव्या हातास राहील. बहुतेक घोड्यांस माणूस डाव्या अंगास असण्याची सवय असते. उजव्या अंगाने चालण्याची सवय त्यांस वाडीतच लावून घ्यावी. देशावरून कोकणात उतरणाऱ्या धनगरांच्या संसाराने लादलेल्या तट्टांसही हाच नियम लागू आहे. त्यांच्या ओझ्याची रुंदी अधिक, म्हणून जागाही अधिक लागते.

(४) गाडीवानाने काय करावे

जोडीतील शांत बैल उजवीकडे जुंपावा. गवताचा भारा साट्याच्या बाहेर इतका येऊ देऊ नये की गाडीवानास मागचे दिसेनासे व्हावे. गाडी उभी करावयाची तर डांबर सोडून, व वळण किंवा चढाचा माथा टाळून उभी करावी. सांजावल्यावर निघणे शक्यतो टाळावे. निघावेच लागले तर गाडीच्या मागे दोन्ही कोपऱ्यांवर तांबड्या व पुढे पांढऱ्या चकाकणाऱ्या पट्ट्या लावाव्यात, आणि एक तांबडा दिवा मागे टांगावा. भारा पट्टीवर लोंबू लागला तर पट्टी असून नसल्यासारखी होते, हे ध्यानी ठेवावे. पश्चिम महाराष्ट्रात गळिताच्या हंगामात उसाच्या गाड्यांस अशा पट्ट्या लावण्याची मोहीम निघते. आपल्याकडे गवताच्या व भाताच्या गाड्यांस ती तितकीच जरूर आहे. काळा बैल रात्री दिसत नाही; त्याच्या शिंगांस अथवा जुवास पट्टी गुंडाळावी.

चैत्र पौर्णिमेपासून विवळवेढे येथील महालक्ष्मीची यात्रा भरते. त्या दिवसांत रस्त्यावर परगावच्या मोटारी फार असतात व त्यांस आपल्या वाटा ठाऊक नसतात. त्या पंधरवड्यात जनावरे सकाळी लवकर न्यावीत.

(५) जनावरास सवय लावणे

सवय रस्त्यावर लावू नये, घरी लावावी. प्रथम बंद मोटारीजवळ जनावरास दाणावैरण द्यावी. ते निर्धास्त खाऊ लागले की मोटार जागच्या जागी चालू करावी. पुढे ती सावकाश हलवावी, आधी समोरून, मग बाजूने, शेवटी मागून. भोंगा सर्वांत शेवटी, व तोही दुरून. दर पायरीस मुरलेले जनावर सोबत असावे. नवे जनावर त्याच्याकडून धीर घेते. बुजल्यास एक पायरी मागे यावे. यास काही आठवडे लागतील. आमच्या घोडीस अपघातानंतर पुन्हा प्रारंभापासून शिकवावे लागले, व त्यास दुप्पट वेळ गेला.

(६) कायद्याने दिलेला हक्क

पुष्कळ शेतकऱ्यांस ठाऊक नसलेली एक गोष्ट येथे सांगतो. जनावर मोटारीस बुजले आहे, किंवा बुजून अनावर होईल असे त्यास सांभाळणाऱ्या माणसास वाटले व त्याने थांबण्यास सांगितले, तर मोटार हाकणाऱ्याने जरूर तितका वेळ मोटार थांबवून स्थिर उभी ठेविली पाहिजे. ही तरतूद १९३९ च्या मोटार कायद्यात होती, व १९८८ च्या कायद्याच्या १३२ व्या कलमात ती आहे. यात जनावराच्या मालकाचे जमीनदार असणे लागत नाही. वासरू घेऊन चाललेल्या दहा वर्षांच्या पोराच्या हाताखालीही ते जनावरच आहे. मात्र हक्क बजावण्याची रीत सौम्य असावी. उजवा हात सरळ वर करून तळवा दाखवावा, नजरेस नजर द्यावी, आणि मोटार थांबली की हात हलवून आभार मानावेत. आज आभार मिळालेला माणूस उद्या आपण होऊन थांबतो.

(७) अपघात झालाच तर

प्रथम माणूस पाहावा. रुग्णवाहिकेसाठी १०८ व पोलिसांसाठी ११२ या क्रमांकांवर कळवावे. जखमीस मदत करणाऱ्या तिऱ्हाइतास २०१९ च्या सुधारणेने कायद्याचे संरक्षण दिले आहे, म्हणून पुढे होण्यास भिऊ नये. मागून येणाऱ्या मोटारींस थांबविण्यासाठी एकास वळणापलीकडे उभे करावे. बैल गाडीखाली अडकला असल्यास आधी जू सोडावे वा दोर कापावा. पाय झाडणाऱ्या जनावराच्या मागे जाऊ नये. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा क्रमांक आहे.

मोटारीचा क्रमांक टिपावा, छायाचित्रे घ्यावीत, पोलिसांकडून पंचनामा करवावा व पशुवैद्याचा दाखला घ्यावा. बैलाच्या कानातील बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक फिर्यादीत घालावा, म्हणजे मालकीचा वाद उरत नाही. जनावराचे नुकसान हे मालमत्तेचे नुकसान होय, व त्याची भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे मागता येते. मोटार पळून गेली व तिचा पत्ता लागला नाही, तर मनुष्य मृत्यू पावल्यास २ लाख व गंभीर जखमी झाल्यास ५० हजार रुपये देण्याची केंद्र सरकारची योजना १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तिचा अर्ज प्रांत वा तहसीलदार यांच्याकडे करावयाचा असतो. जनावरास मात्र ही योजना लागू नाही, म्हणून क्रमांक टिपणे अगत्याचे आहे. आवणीच्या तोंडावर जोडीतला एक बैल गेला तर राहिलेल्या एकाने नांगर चालत नाही. ते नुकसान एका बैलाचे नसून साऱ्या हंगामाचे असते.

समारोप

वरील उपायांपैकी खर्चाचे फार थोडे आहेत. पट्टी, दिवा, शिरस्त्राण, एवढेच काय ते विकत घ्यावयाचे. बाकीचे सर्व सवयीचे आहे. आमची सभासदांस विनंती अशी की, प्रत्येक गावच्या सभासदांनी एकत्र मिळून चकाकणाऱ्या पट्टीचे वेटोळे आणावे व यात्रेपूर्वी गावातील एकूणएक गाडीस, ज्याची पैसे देण्याची ऐपत नसेल त्याच्याही गाडीस, पट्टी लावावी. तसेच ज्या वळणावर वाडीची वाट डांबरास मिळते तेथे पुढे जनावरे असल्याची पाटी लावण्याविषयी ग्रामसभेत ठराव आणावा, व आपल्या कुंपणाचे वळणावरील चार हात आपणच छाटावेत.

आम्ही आमचे कुंपण छाटले आहे, व त्या गंजीवरील ताडपत्री शेजाऱ्याने दोराने बांधून घेतली आहे. गड्याचा मुलगा आता वासरू नेताना स्वतः रस्त्याच्या अंगास राहतो, आणि मोटार दिसली की हात वर करतो. आजवर त्याच्यासाठी बहुतेक मोटारी थांबल्या आहेत.