पंढरीचे महाद्वार

अमळनेर हे खानदेशातील बोरी नदीच्या काठचे गाव. १९२४ साली तेथील प्रताप हायस्कुलात एक तरुण शिक्षक आला. त्याचे नाव पांडुरंग सदाशिव साने. कोकणातील पालगड हे त्याचे जन्मगाव. स्वभाव लाजरा, बोलणे हळुवार. हा मनुष्य पुढे साऱ्या महाराष्ट्राला अन्यायाविरुद्ध जागे करील, असे त्या वेळी कोणाला वाटले नसेल.

शाळेच्या छात्रालयाचे काम त्याच्याकडे आले. मुले खोल्या अस्ताव्यस्त टाकून शाळेत जात. नवे शिक्षक रागावत नसत. ते स्वतः खोली झाडीत, कंदिलाच्या काचा पुशीत, आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढीत. ते पाहून मुले ओशाळत आणि आपणहून कामाला लागत. जगात काय चालले आहे हे मुलांना कळावे म्हणून ते ‘छात्रालय दैनिक’ स्वतःच्या हाताने लिहून काढीत. या छात्रालयातच पांडुरंग साने हे मुलांचे ‘साने गुरुजी’ झाले.

१९३० साली देशात सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू झाली. गुरुजींनी शाळा सोडली आणि तुरुंगवास पत्करला. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ते तमिळ भाषा शिकले. निरनिराळ्या प्रांतांतील लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्या, म्हणजे मने जवळ येतील, हा विचार त्यांच्या मनात रुजला. पुढे त्यांनी त्यास ‘आंतरभारती’ असे नाव दिले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे गीतेच्या एकेका अध्यायावर दर रविवारी प्रवचन करीत. गुरुजी ती प्रवचने भराभर उतरून घेत. गुरुजींच्या या परिश्रमांमुळे ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ महाराष्ट्राला मिळाला.

सर्वांच्या ठायी एकच ईश्वर आहे, हे त्या प्रवचनांत ऐकलेले तत्त्व गुरुजींच्या जिवाला लागले. मग देवाच्या दारातून काही माणसांना परत का पाठवावे? पंढरपूरचा विठोबा सर्वांचा म्हणवितात; परंतु अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यास त्याच्या मंदिरात प्रवेश नव्हता. त्याने शेकडो कोस चालत यावे आणि कळसाला हात जोडून माघारी फिरावे. संत चोखामेळा यांची समाधी आजही महाद्वारासमोर, बाहेरच्या बाजूस आहे.

हे दार उघडावे म्हणून प्राणांतिक उपोषण करण्याचा निश्चय गुरुजींनी १९४६ साली केला. सहकारी म्हणाले, “आधी लोकांना समजावू या.” गुरुजींनी ते मानले. ते महिनोन्‌महिने गावोगाव हिंडले. राष्ट्र सेवा दलाचे कलापथक त्यांच्या सोबत होते. कित्येक गावांनी आपली देवळे आणि पाणवठे सर्वांना खुले केले. सनातनी मंडळींनी मात्र विरोध केला.

शेवटी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणास आरंभ झाला. उन्हाळा कडक होता. शरीर दिवसेंदिवस खंगत चालले. अशा वेळी उपोषण सोडावे असा निरोप प्रत्यक्ष गांधीजींकडून आला. गांधीजी म्हणजे गुरुजींचे दैवत! तरीही आपला मार्ग खरा आहे, असे त्यांचे मन सांगत होते. त्यांनी नम्रपणे नकार दिला. सुमारे दहा दिवसांनी मंदिर खुले करण्याचे आश्वासन मिळाले आणि उपोषण सुटले. त्याच वर्षी विठ्ठलाचे मंदिर सर्वांना खुले झाले. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेने तर अस्पृश्यताच नष्ट झाल्याचे जाहीर केले. त्यानंतर काही महिन्यांनी, ११ जून १९५० रोजी, गुरुजींनी या जगाचा निरोप घेतला.

गुरुजींचा आवाज मोठा नव्हता, हाती सत्ता नव्हती. मग लोकांनी त्यांचे का ऐकले? ज्याने मुलांच्या खोल्या झाडल्या, त्याने समतेचा उपदेश करावा, हे लोकांना पटले. त्यांनी विरोधकांना शिव्याशाप दिले नाहीत. क्लेश दुसऱ्याला न देता स्वतः सोसले. आणि आवडत्या माणसांचे मत निराळे पडले, तरी ते सत्यापासून ढळले नाहीत.

कायद्याने देवळाचे दार उघडते. मनाचे दार ज्याचे त्याने उघडावयाचे असते. आज एका क्षणात हजारो लोकांपर्यंत शब्द पोचतो. जात, धर्म आणि भाषा यांवरून माणसांत फूट पाडणारे शब्दही तितक्याच वेगाने धावतात. अशा वेळी “हे बरे नव्हे” असे शांतपणे म्हणणारा माणूस प्रत्येक गावात, प्रत्येक वर्गात हवा. वर्गातील एखाद्या मुलाला सारे मिळून हिणवीत असतील, तर त्याच्या शेजारी जाऊन बसणे हेही त्या आवाजाचेच काम आहे. त्यासाठी मोठे होण्याची वाट पाहावी लागत नाही.

स्वाध्याय

१. छात्रालयातील मुले आपणहून कामाला का लागत?
२. गुरुजींनी उपोषणापूर्वी गावोगाव प्रवास का केला?
३. गांधीजींचा निरोप आल्यावर गुरुजींच्या मनात कोणते विचार आले असतील? पाच-सहा ओळींत लिहा.
४. ‘कायद्याने देवळाचे दार उघडते, मनाचे दार ज्याचे त्याने उघडावयाचे असते.’ या वाक्याचा अर्थ आपल्या गावातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.